आईचा उपवास आणि ३८ चा आकडा

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं, तसंच बहुतेक ठेवलं आहे.)

आज पाहुणे नाहीत. मी एकटीच बोलणार आहे, कारण विषय माझ्या घरातला आहे. आईला विचारूनच बोलतेय. तिच्या अटी दोनच होत्या, "माझं नाव सांगू नकोस आणि रडू नकोस." पहिली पाळीन. दुसरीचं बघू.

विषय आहे पोटातल्या अशा गाठींचा, ज्या हार्मोन्स तयार करतात. जठर, आतडी, अपेंडिक्स, स्वादुपिंड म्हणजे पॅनक्रियाज, यातल्या कुठेही त्या होऊ शकतात. डॉक्टर त्यांना न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. नाव जड आहे, पण तुम्ही ते ऐकलेलं आहे. मार्च २०१८ मध्ये इरफान खानने स्वतः ट्विट करून सांगितलं होतं की आपल्याला हाच आजार आहे. तेव्हा अर्ध्या देशाला वाटलं की 'न्यूरो' म्हणजे मेंदूची गाठ. त्यालाच सांगावं लागलं की 'न्यूरो' म्हणजे दर वेळी मेंदूच असं नाही.

आमच्याही घरी दोन वर्षं सगळे मेंदूतच शोधत होते.

सकाळची आई

मी अकरावीत होते. आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. आई चव्वेचाळीस वर्षांची, घर सांभाळून शिवणकाम करणारी, आणि उपवासांची एकदम पक्की. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्यावर. नवरात्रात नऊ दिवस फक्त फळं.

सुरुवात बारीकसारीक गोष्टींनी झाली. एका सकाळी दूध उतू जात होतं आणि आई समोर उभी राहून नुसती बघत होती. एकदा चहात साखरेऐवजी मीठ. एकदा मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली, तीही रागाने. मग नाश्ता झाला की एकदम नॉर्मल. "काय गं, मगाशी काय झालं होतं तुला?" विचारलं तर, "कुठं काय झालं होतं?" तिला खरंच आठवायचं नाही.

संकष्टीच्या संध्याकाळी जास्त व्हायचं. हात थरथरायचे, अंग घामाने निथळायचं, काहीतरी असंबद्ध बोलायची. शेजारच्या काकूंनी हळूच सांगितलं, "अहो, अंगात येतंय त्यांच्या. देवीचं काहीतरी राहिलंय बघा." माझी आजी लगेच ओटीच्या तयारीला लागली. गंमत म्हणजे नैवेद्याचा शिरा खाऊन आई दहा-पंधरा मिनिटांत शुद्धीवर आली. त्यामुळे आजीचा विश्वास आणखी घट्ट झाला. शिऱ्याचा गुण आला होता हे खरं, पण कसा, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

याच काळात आईचं वजन नऊ किलो वाढलं. रात्री अडीचला उठून ती गूळ-पोळी खायची. नातेवाईक म्हणायचे, "तब्येत सुधारली हं!"

मग एके पहाटे तिला आकडी आली. मेंदूचा एमआरआय केला, नॉर्मल. पोटाची सोनोग्राफी, नॉर्मल. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. आठ महिने घेतल्या. आई दिवसभर झोपाळलेली असायची आणि सकाळचे प्रकार चालूच. दुसऱ्या एका ठिकाणी "पाळी जायचं वय आहे, टेन्शन घेऊ नका" असं सांगून मन शांत ठेवणाऱ्या गोळ्या मिळाल्या. इथे मला कुणाची चूक काढायची नाहीये. आकडी आलेला पेशंट समोर बसला तर आधी फिटचाच विचार होणार. पण आकडी कधी येते, जेवणाआधी की नंतर, हे आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही ते सांगितलं नाही. कारण ते महत्त्वाचं आहे हेच माहीत नव्हतं.

पहाटे पावणेसहा

बारावीच्या परीक्षेआधीचे दिवस. मी पहाटे उठले होते. आई पलंगावर बसलेली, गाऊन घामाने चिंब, नजर भलतीकडेच. हाक मारली तर माझा हात झिडकारला. बाबा म्हणाले, "व्हिडिओ काढ. डॉक्टरांसमोर हिला कधीच काही होत नाही." आईचा असा व्हिडिओ काढायचा म्हणजे मला लाज वाटत होती. तरी काढला, एक मिनीट दहा सेकंदांचा.

तेवढ्यात आजोबा आले. आजोबांना वीस वर्षांचा डायबिटीस. आईकडे बघून म्हणाले, "अगं, माझी शुगर उतरली की मला अस्संच होतं." आणि त्यांनी आपलं शुगर मोजायचं मशीन पुढे केलं.

आकडा आला ३८.

निरोगी माणसाची उपाशीपोटी शुगर ७० ते १०० च्या दरम्यान असते. आईला डायबिटीस नव्हता. शुगरची एकही गोळी ती घेत नव्हती. मग ३८ कशी?

ती गिळू शकत होती, म्हणून साखरेचं पाणी पाजलं. बारा मिनिटांनी आई म्हणाली, "सगळे असे का जमलात? चहा ठेवला का कुणी?"

इथे थांबून एक गोष्ट सांगते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

तर त्या पहाटे आमच्या खोलीत जे घडलं, त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे: व्हिपल ट्रायड. ॲलन व्हिपल हे न्यूयॉर्कचे सर्जन. १९३० च्या दशकात त्यांनी तीन अटी मांडल्या. एक, शुगर उतरल्यासारखी लक्षणं हवीत. दोन, त्याच वेळी मोजलेली शुगर खरंच कमी हवी. तीन, साखर दिल्यावर लक्षणं जायला हवीत. तिन्ही जुळलं तरच पुढचा शोध घ्यायचा. आजही हाच नियम आहे.

"आजोबांच्या गोळ्या कुठे ठेवता?"

व्हिडिओ आणि तो आकडा घेऊन आम्ही पुण्याला हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे गेलो, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे. मॅडमनी व्हिडिओ दोनदा बघितला. मग पहिला प्रश्न, "घरात डायबिटीसच्या गोळ्या कोण घेतं? त्या कुठे ठेवता?"

बाबांना राग आला. त्यांना वाटलं, आमच्यावर संशय घेतायत. पण मॅडमनी शांतपणे समजावलं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. एकाच डब्यात सगळ्यांच्या गोळ्या असतील आणि चुकून अदलाबदल झाली, तर अगदी असंच चित्र दिसतं. त्यामुळे गाठ आहे असं म्हणण्याआधी ही शक्यता काढून टाकावीच लागते.

मग त्या म्हणाल्या, "काकू, तुम्हाला उपवास करावा लागेल. पण माझ्या नजरेसमोर."

आई हसली. म्हणाली, "त्याची सवय आहे."

ही टेस्ट म्हणजे ७२ तासांचा उपवास. पेशंटला ॲडमिट करतात. पाणी चालतं, साखर-दुधाचं काही नाही. ठरावीक वेळाने हाताच्या शिरेतून रक्त घेतात. घरच्या मशीनवर निदान करत नाहीत, कारण खालच्या आकड्यांना ते तितकं अचूक नसतं. लक्षणं आली आणि शुगर ५५ च्या खाली गेली की त्याच क्षणी इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड मोजायचं, आणि लगेच सलाईनमधून ग्लुकोज द्यायचं. मित्रांनो, हे घरी करून बघू नका. कृपा करून. यात माणूस कोमात जाऊ शकतो.

आईचा उपवास सोळाव्या तासाला संपला. शुगर ४०, इन्सुलिन १८.

या आकड्यांचा अर्थ काय? इन्सुलिनचं काम रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवणं. जेवल्यावर ते वाढतं, उपाशी असताना कमी होतं. शुगर ५५ च्या खाली गेली की निरोगी शरीर इन्सुलिन जवळजवळ बंदच करतं, ३ युनिटच्या खाली. आईचं १८ होतं. म्हणजे कोठार रिकामं झालंय आणि तरी कुणीतरी पोती उचलून नेतंय.

आता सी-पेप्टाइड. आपलं शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा एका मोठ्या रेणूचे तुकडे होतात. एक इन्सुलिन, दुसरा सी-पेप्टाइड. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये हा दुसरा तुकडा नसतो. आईचं सी-पेप्टाइडही वाढलेलं होतं, म्हणजे इन्सुलिन तिच्या स्वतःच्या शरीरातून येत होतं. आणि डायबिटीसच्या गोळ्यांचा अंश रक्तात सापडला नाही. आजोबांचा डबा निर्दोष सुटला.

निदान झालं: इन्सुलिनोमा. स्वादुपिंडातली इन्सुलिन बनवणारी गाठ. दहा लाख लोकांमागे वर्षाला एक ते चार जणांना होते. दुर्मिळच. पण महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर आहे. त्या हिशोबाने आपल्याच राज्यात दरवर्षी शंभराहून जास्त घरांत अशी एखादी 'सकाळची आई' असणार.

आधी रक्त, मग स्कॅन

मी विचारलं होतं, "मॅडम, सरळ स्कॅनच का नाही केला आधी?" त्यांनी सांगितलं, यातल्या बहुतेक गाठी दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान असतात. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं. सोनोग्राफीत ती गाठ सहज सुटते. उलट स्कॅनमध्ये भलतीच निरुपद्रवी गाठ दिसली, तर तिच्याच मागे लागून ऑपरेशन व्हायचं. म्हणून आधी हार्मोन सिद्ध करायचा, मग जागा शोधायची.

आईच्या सीटी स्कॅनमध्येही काही दिसलं नाही. बाबा खचले. मग एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड केला. म्हणजे तोंडावाटे दुर्बीण जठरात नेतात, तिच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असतं, आणि जठराच्या भिंतीतून मागचं स्वादुपिंड बघतात. चौदा मिलिमीटरची गाठ सापडली. वाटाण्यापेक्षा जरा मोठी.

ऑपरेशनपर्यंत तीन आठवडे होते. तेवढ्या दिवसांसाठी डायझॉक्साइड नावाच्या गोळ्या, त्या इन्सुलिन सुटणं रोखतात. त्याने पायांवर सूज आली. रात्री दोनचा अलार्म माझ्या मोबाईलवर. मी उठायचे, आईला उठवायचे, ती दूध-पोहे खायची, मी बारावीचं पुस्तक उघडायचे. उपवास सगळे बंद. आजीला वाईट वाटलं, पण संकष्टीचा उपवास तिने आपल्याकडे घेतला.

सर्जननी गाठ सोलून काढली, बाकीचं स्वादुपिंड ठेवलं. दुसऱ्या दिवशी आईची शुगर १९० आली आणि मी घाबरून नर्सताईंकडे पळाले. त्या म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे. इतके दिवस गाठच सगळं इन्सुलिन बनवत होती, त्यामुळे बाकीच्या पेशी सुस्तावल्या होत्या. काही दिवसांत जाग्या होतील. झाल्या. मात्र स्वादुपिंडातून पाचक रस थोडा झिरपत राहिला, म्हणून पोटातली नळी तीन आठवडे राहिली. हा त्रास या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतो, आधी माहीत असलेला बरा.

इन्सुलिनोमा दहातल्या नऊ जणांमध्ये पसरणारा नसतो. ऑपरेशन झालं की माणूस बरा. आई बरी झाली.

त्याच घराण्यातल्या बाकीच्या गाठी

आता थोडं आमच्या घराबाहेर बघू. गाठ कुठला हार्मोन सोडते, त्यावर तिचा वेश ठरतो.

काही गाठी गॅस्ट्रिन सोडतात. गॅस्ट्रिन वाढलं की जठरात ॲसिडचा पूर येतो. पुन्हा पुन्हा अल्सर, जोडीला जुलाब. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या झोलिंजर आणि एलिसन या सर्जननी हे पहिल्यांदा मांडलं. आजची अडचण अशी की आपण ॲसिडिटीच्या गोळ्या चण्या-फुटाण्यासारख्या खातो आणि लक्षणं झाकली जातात. शिवाय पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी गॅस्ट्रिन आणि क्रोमोग्रॅनिन ए या दोन्ही टेस्ट खोट्याच वाढलेल्या येऊ शकतात. तेव्हा टेस्टआधी कुठली गोळी चालू आहे ते डॉक्टरांना सांगा. पण स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. खरंच गॅस्ट्रिनची गाठ असेल तर अल्सर फुटू शकतो.

दुसऱ्या काही सेरोटोनिन सोडतात, बहुतेक छोट्या आतड्यातल्या. चेहरा आणि मान अचानक तापते, पण घाम येत नाही. पाळी जाताना येणाऱ्या वाफांमध्ये सहसा घाम असतो. पुस्तकात 'चेहरा लाल होतो' असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या रंगावर लाली कशी दिसणार? म्हणून काय जाणवतं ते सांगायचं. सोबत पाण्यासारखे जुलाब, कधी धाप. हे निदान २४ तासांची लघवी गोळा करून होतं. त्याआधी दोन-तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद, नाहीतर रिपोर्ट चुकतो. आतड्यातून निघालेला सेरोटोनिन आधी लिव्हरमध्ये जातो आणि तिथे नष्ट होतो. म्हणून गाठ लिव्हरपर्यंत पसरेस्तोवर बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. या गाठींचं निदान सरासरी चार-पाच वर्षं उशिरा होतं, त्यामागचं हे एक कारण.

आणि बऱ्याच गाठी काहीच सोडत नाहीत. गुपचूप वाढतात.

पसरलेली असली तरी दारं बंद होत नाहीत. या गाठींच्या पृष्ठभागावर बहुतेकदा एक कुलूप असतं, सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनचं. त्याची नकली किल्ली म्हणजे ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड. चार आठवड्यांतून एक इंजेक्शन. हार्मोनचा त्रास कमी होतो, वाढ मंदावते. त्याच किल्लीला गॅलियम लावलं की पेट स्कॅनवर गाठी उजळतात. ल्युटेशियम-१७७ लावलं की किरणोत्सर्ग थेट गाठीपर्यंत पोचतो. २०१७ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं की या उपचाराने आजार बराच काळ थोपवता येतो. आणि हे ल्युटेशियम आपल्याकडे तयार होतं, मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचंच रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, तिथे हा उपचार होतो.

स्टीव्ह जॉब्ज आठवतो ना? त्याला स्वादुपिंडाची हीच जातकुळी होती. निदान २००३ च्या ऑक्टोबरमध्ये, ऑपरेशन २००४ च्या जुलैमध्ये. मधले नऊ महिने आहार आणि इतर उपायांत गेले. तो २०११ मध्ये गेला. ते नऊ महिने नसते तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. पण स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये इतकी वर्षं क्वचितच मिळतात. म्हणून 'स्वादुपिंडाची गाठ' एवढं ऐकून हातपाय गाळू नका. विचारा, कुठल्या प्रकारची? ग्रेड काय? बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये के-आय-६७ नावाचा आकडा असतो. पेशी किती वेगाने वाढतायत ते तो सांगतो. ३ टक्क्यांच्या खाली म्हणजे संथ, २० च्या वर म्हणजे वेगवान. आईचा १ होता.

तुम्ही काय करायचं

आता यातलं काहीतरी ऐकून तुमच्यातला एखादा म्हणेल, "मलाही ॲसिडिटी आहे, मलाही घाम येतो." थांबा. बहुतेक वेळा ती साधी ॲसिडिटीच असते. गूगल करून रात्रभर जागू नका.

पण घरात कुणाला तेच तेच, परत परत होत असेल, रिपोर्ट नॉर्मल येत असतील आणि उत्तर मिळत नसेल, तर वेळ लिहून ठेवा. जेवणाआधी की नंतर, कशाने थांबलं, किती मिनिटांत. फोनवर व्हिडिओ काढा, लाज बाजूला ठेवून. घाम, थरथर, बरळणं असेल तर त्याच क्षणी शुगर मोजा, नंतर नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचा फोटो काढून न्या. आणि घरात कुणाला मुतखडे, कॅल्शियम वाढणं किंवा पिट्युटरीची गाठ असेल तर तेही सांगा, कारण यातल्या काही गाठी घराण्यातून येतात. आईच्या निदानानंतर तिचंही कॅल्शियम तपासलं होतं. नॉर्मल आलं, म्हणून मला वेगळी टेस्ट लागली नाही.

ऑपरेशनला आता बरीच वर्षं झाली. आई वर्षातून एकदा तपासणीला जाते. डॉक्टरांनी उपवासाला परवानगी दिली आहे. पहिल्या संकष्टीला आम्ही चौघं तिच्याभोवती बसून होतो, आजोबा मशीन मांडीवर घेऊन. चंद्र ढगांमुळे दिसेना. साडेनऊ वाजले. मी म्हटलं, "आई, बोट दे." आकडा आला ८४. ती म्हणाली, "आता तरी मला पानं वाढू दे."

दुसरी अट मोडली, मला माहितीये. ती हा भाग ऐकणार आहे, त्यामुळे सॉरी, आई.

मंडळी, तुमच्या घरात असं काही घडलं असेल, उत्तर मिळायला वेळ लागला असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर जेवून घ्या वेळेवर.